मामाचे कान आणि पाच नॅनोव्होल्ट

तर झालं असं, की मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. शनिवारी साडेनऊ म्हणजे आमच्यासारख्या आयटीवाल्यांची पहाट. दार उघडलं तर मामा. खांद्यावर गिटारची काळी बॅग, हातात पेडल्सची पेटी, आणि चेहरा असा की जणू आत्ताच कुणाला तरी पोचवून आलाय.

"हे ठेव तुझ्याकडे," आत येऊन गिटार सोफ्यावर आडवी ठेवत म्हणाला. "वाजव, नाहीतर विकून टाक. माझं झालं आता."

आता मामाविषयी थोडं सांगायला हवं. १९८६ ते ९२ या काळात मामा दिवसा बँकेत कॅशियर आणि रात्री एका ऑर्केस्ट्रात लीड गिटारिस्ट होता. गणपती ते दिवाळी घरी फक्त आंघोळीला यायचा, असं आजी सांगायची. मग लग्न, बदल्या, मुलगी, आणि गिटार माळ्यावर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा गिटार खाली आली. टोरांटोच्या मामेबहिणीने साठीला तीन पेडल्स पाठवली: एक ओव्हरड्राइव्ह, एक कोरस, एक डिले. चार निवृत्त मित्रांचा चमू जमला. सोसायटीच्या हॉलमध्ये कोजागिरीला कार्यक्रम ठरला. आणि कार्यक्रमाला वीस दिवस राहिलेले असताना हा माणूस गिटार माझ्याकडे टाकायला आला!

"अरे पण झालं काय?"

"आवाजात जीव नाही रे. सगळं घोंगडं पांघरून वाजवल्यासारखं. ॲम्पचा ट्रेबल पार दहावर नेला, तरी तेच. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने वरच्या फ्रिक्वेन्सी जातातच. म्हणजे दोष गिटारचा नाही, माझ्या कानांचा. आता लोकांसमोर जाऊन शोभा कशाला करून घ्यायची?"

हे तो इतकं शांतपणे म्हणाला की मला काही सुचेना. चहा टाकला. मामीला फोन करून सांगितलं की मामा जेवायला इकडेच आहे. आणि मग आयटीवाल्याची एकमेव कामाची सवय उपयोगी पडली. तक्रार आली की आधी वाद घालायचा नाही, आधी बग आपल्यासमोर घडवून पाहायचा.

मामाची जोडणी अशी होती: गिटारपासून पेडल्सपर्यंत ३ मीटरची केबल, आणि पेडल्सपासून ॲम्पपर्यंत (हॉलच्या स्टेजवर ॲम्प मागे भिंतीशी असतो म्हणून) १२ मीटरची. माझ्या छोट्या ॲम्पला अगदी तशीच जोडली. घोंगडं. मलाही ऐकू आलं! मग तीच ३ मीटरची केबल थेट ॲम्पमध्ये खुपसली. मामाने एक कॉर्ड छेडला आणि स्वतःच दचकला. तारा एकदम चमकल्या.

"म्हणजे पेडल्स खराब?"

पेडल्स नव्हती खराब. तिन्ही 'ट्रू बायपास' जातीची, म्हणजे बंद असताना आत नुसती वायर. आणि तोच तर प्रश्न होता. पंधरा मीटर वायर, मध्ये कोणी नाही.

"वायर ती वायर. तिने काय होतंय?" मामा म्हणाला.

इथे जरा थांबून सांगतो. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली केसाएवढ्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची कॉइल. मामाच्या सिंगल कॉइल पिकअपचा रेझिस्टन्स साधारण ६ किलोओहम, पण इंडक्टन्स तब्बल अडीच हेन्रीच्या घरात. दुसरीकडे केबल म्हणजे मधली तार आणि बाहेरची जाळी, मध्ये प्लास्टिक. म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटर. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. कॉइल आणि कपॅसिटर एकत्र आले की एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर उचल मिळते आणि तिच्या वर आवाज झपाट्याने खाली येतो. गिटारची चमक असते ती याच उचलीत.

गणित करून बघा. ३ मीटर केबलचे ३०० आणि कॉइलच्या स्वतःच्या वेढ्यांचे १०० धरून ४०० पिकोफॅरड: उचल ५ किलोहर्ट्झला. १५ मीटरचे १५०० आणि ते १०० धरून १६०० पिकोफॅरड: उचल २.५ किलोहर्ट्झला. कपॅसिटन्स चौपट, फ्रिक्वेन्सी बरोबर निम्मी. म्हणजे वरचं एक अख्खं सप्तक केबलने गिळलेलं! आणि ॲम्पचा ट्रेबल दहावर नेऊन ते परत येत नाही, कारण जे पोचलंच नाही ते वाढवणार कसं?

ऑर्केस्ट्राच्या दिवसांत मामाची गिटार तीन-चार मीटरच्या वायरने थेट ॲम्पला जायची. त्याच्या कानात तो आवाज बसलाय. आता तो येत नाही, म्हणून बिचारा कानांना दोष देत होता.

उपाय काय, तर बफर. गिटारपाठोपाठ, पहिल्या पेडलच्या आधी, एक छोटं सर्किट बसवायचं. त्याने पिकअपकडून जवळजवळ काहीच करंट मागायचा नाही, आणि पुढची लांब केबल मात्र स्वतःच्या ताकदीने हाकायची. ऑप-ॲम्पचं आउटपुट त्याच्याच निगेटिव्ह इनपुटला जोडलं की झालं. व्होल्टेज फॉलोअर. गेन एक.

हे सर्किट मी सेकंड इयरच्या व्हायवात काढलं होतं. (हो, अस्मादिक इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमचे इंजिनिअर आहेत. पदवीनंतर सोल्डरिंग गनला हात लावलेला नाही, ते सोडा.) एक्स्टर्नलनी विचारलं होतं, "गेन एक. मग याचा उपयोग काय?" मी छातीठोकपणे सांगितलं, "इम्पीडन्स मॅचिंग, सर." त्यांनी मान डोलावली, मार्क दिले, पुढचा रोल नंबर. वास्तविक इथे 'मॅचिंग' अजिबात नाहीये! उलट जमेल तितकं विजोड ठेवायचं असतं. देणाऱ्याचा इम्पीडन्स काही हजार ओहम, घेणाऱ्याचा दहा लाख. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या खांद्यावर भार टाकायचा नाही, एवढंच. चूक उत्तराला मिळालेले ते मार्क नऊ वर्षांनी मला सोफ्यावर बसून टोचले.

"मामा, आठवडा दे मला. तोवर गिटार इथे राहील, पण तुझी म्हणून."

दुपारी जेवून गेलो बुधवार पेठेत. पासोड्या विठोबापासून आत शिरलं की तापकीर गल्ली आणि आजूबाजूच्या बोळांत पुण्यातले इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी पिढ्यानपिढ्या सबमिशनच्या आदल्या दिवशी धावत आलेत. काउंटरवर गर्दी तशीच, 'सुट्टे द्या' तसंच. जाण्यापूर्वी घरी डेटाशीट्स वाचल्या होत्या. आता निवड कशी केली ते सांगतो, कारण चूक तिथेच झाली.

पहिला उमेदवार ७४१. १९६८ सालचा, आपल्या सगळ्या प्रॅक्टिकल्सचा आजोबा. त्याच्या इनपुटला ८० नॅनोअ‍ॅम्पियर करंट लागतो, वाईट नमुना निघाला तर ५००. इनपुटला १ मेगओहमचा बायस रेझिस्टर लावायचा तर त्यावर ५०० नॅनोअ‍ॅम्पियरचा अर्धा व्होल्ट पडतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीत ही चैन परवडत नाही. बाद. (गंमत म्हणजे एमएक्सआरच्या प्रसिद्ध डिस्टॉर्शन प्लस पेडलमध्ये हाच ७४१ आहे. पण तिथे आवाज फाडायचाच असतो.)

मग उरले दोन. टीएल०७२ आणि एनई५५३२. दोन्ही आठ पायांचे, दोन्हींत दोन-दोन ऑप-ॲम्प, पायांची मांडणी तीच. डेटाशीटमध्ये नॉइजचा आकडा: टीएल०७२ चा १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, एनई५५३२ चा ५. अठरा आणि पाच! यात विचार करण्यासारखं काय आहे? ५५३२ कितीतरी रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या मिक्सिंग कन्सोल्समध्ये बसलेला, नावाजलेला. घेतला. टीएल०७२ पण दोन घेतले, कारण दोन्ही मिळून चहा-क्रीमरोलच्या पैशात आले.

रविवारी झिरो पीसीबीवर जोडणी केली. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून बॅटरीचे दोन भाग, मध्यबिंदूला ४७ मायक्रोफॅरड. तिथून १ मेगओहमने इनपुटला बायस. इनपुटला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १ मेगओहमबरोबर तो ७ हर्ट्झच्या खालचं अडवतो, गिटारला पुरे. आउटपुटला १० मायक्रोफॅरड आणि त्याच्या आधी शंभर ओहम, म्हणजे लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे ऑप-ॲम्प स्वतःच शिट्टी वाजवायला लागणार नाही. उरलेला अर्धा ऑप-ॲम्प लोंबकळत न सोडता तोही फॉलोअर करून मध्यबिंदूला बांधला. आणि आयसी थेट सोल्डर न करता आठ पायांचा आयसी बेस लावला. हे शेवटचं वाक्य नवशिक्यांनी अधोरेखित करावं.

पहिल्या फटक्यात चाललं! दोन बोटं भाजली, पण चाललं. मामाला बोलावलं. पंधरा मीटर केबल, मध्ये माझं सर्किट. मामाने कॉर्ड छेडला... आणि हसला. चमक परत आली होती. वीस मिनिटं वाजवत बसला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग त्याने ओव्हरड्राइव्ह चालू केलं, तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या, आणि मान तिरकी करून ऐकत राहिला.

"मागे वाळू पडतेय रे."

"कुठे? मला नाही ऐकू येत."

"पडतेय. सुपात वाळू चाळल्यासारखी. हे बघ..." त्याने गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला. "गेली." अर्ध्यावर आणला. "आली." पूर्ण केला. "हां, आता जरा वेगळी, बारीक."

मी ॲम्पला कान लावला. होती! च्यायला, होती. स्पष्ट होती. मी सर्किट चाललं या आनंदात ऐकलंच नव्हतं.

दोघांच्याही लक्षात एकदमच आलं बहुतेक. ज्या माणसाचे कान गेले होते, त्याने मला न ऐकू आलेला आवाज ऐकला होता.

मी लगेच मोबाइलवर टोन जनरेटर काढला. मामाला ८ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू आलं, ९ ला "चालू आहे का?" म्हणाला. मला १५ पर्यंत. म्हणजे डॉक्टर खोटं बोलले नव्हते. पण गिटार ॲम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झनंतर स्वतःच मान टाकतो. मामाचं जे गेलंय ते गिटारच्या गावात राहतच नव्हतं! हे त्याला सांगितलं तेव्हा काहीच बोलला नाही. नुसता चष्मा पुसत बसला. असो.

आता वाळूचा प्रश्न. मामाने नकळत जो प्रयोग केला त्यातच उत्तर होतं. व्हॉल्यूम शून्य म्हणजे बफरच्या इनपुटला सरळ ग्राउंड. तेव्हा शांत. म्हणजे माझे ते ५ नॅनोव्होल्ट खरेच होते, ५५३२ प्रामाणिक होता. पण समोर रेझिस्टन्स आला की आवाज वाढतो. मामाच्या गिटारचा पॉट २५० किलोओहमचा. तो विद्युतदृष्ट्या मध्यावर असला की बफरला समोर साठेक किलोओहम दिसतात. आणि व्हॉल्यूम पूर्ण असताना, त्या ५ किलोहर्ट्झच्या उचलीजवळ, पिकअपचे ६ किलोओहम चढून जवळजवळ लाख ओहम होतात.

रात्री डेटाशीट परत उघडली. नॉइज व्होल्टेजच्या खाली एक ओळ असते, नॉइज करंटची. मी ती वाचलीच नव्हती. एनई५५३२: ०.७ पिकोअ‍ॅम्पियर. टीएल०७२: ०.०१.

५५३२ च्या इनपुटला साधे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. त्यांना बेस करंट लागतो, २०० नॅनोअ‍ॅम्पियरच्या आसपास. तो संथ धारेसारखा येत नाही, पत्र्यावरच्या पावसासारखा थेंबाथेंबाने येतो. हा पाऊस समोरच्या रेझिस्टन्समधून गेला की त्याचं व्होल्टेज होतं. ०.७ पिकोअ‍ॅम्पियर गुणिले १ लाख ओहम: ७० नॅनोव्होल्ट. माझ्या लाडक्या ५ च्या चौदापट! टीएल०७२ च्या इनपुटला जेफेट. करंट जवळपास नाहीच, म्हणून तिथे हाच आकडा १.

लाख ओहमचा स्वतःचा उष्णतेचा नॉइज ४० नॅनोव्होल्ट, तो कोणालाच चुकत नाही. नॉइजची बेरीज वर्ग करून, मग वर्गमूळ. ५५३२: ५, ७० आणि ४० मिळून ८१. टीएल०७२: १८, १ आणि ४० मिळून ४४. म्हणजे कागदावर साडेतीनपट शांत असलेला आयसी मामाच्या गिटारसमोर जवळजवळ दुप्पट गोंगाट करत होता. आणि तोही ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो.

५५३२ वाईट आहे असं नाही हं. समोर नुसते ६ किलोओहम असते तर तोच जिंकला असता, १२ विरुद्ध २१. मिक्सरमध्ये त्याच्यासमोर शे-पाचशे ओहमवाले असतात, तिथे तो राजा. माझी चूक ही, की मी 'सगळ्यात चांगला कोण?' हे विचारलं, 'कोणासमोर?' हे विचारलं नाही.

बेसमधून ५५३२ उपटला, टीएल०७२ दाबला. दहा सेकंदांचं काम. वाळू अगदी गेली नाही, पण मागे सरकली. तारा गप्प असताना मुद्दाम ऐकली तरच. सोमवारी रात्री मामाला फोनवर ऐकवलं. "फोनवर काय कळतंय, घरी येऊन ऐकतो," म्हणाला. मंगळवारी संध्याकाळी हजर. ऐकलं, आणि एवढंच म्हणाला, "हां."

पण इंजिनिअरला स्वस्थ बसवतं का? दोन्हींचं चांगलं एकत्र असलेला आयसी आहेच की, ओपीए२१३४. जेफेट इनपुट आणि नॉइज ८ नॅनोव्होल्ट. बुधवारी ऑफिसातून येताना एका दुकानात मिळाला, किमतीत चक्क स्वस्त. लावला, फरक शून्य. संशय आला म्हणून बॅटरीच्या वायरमध्ये मल्टीमीटर घातला. ओपीए२१३४ ने दोन्ही मिळून ८ मिलीअ‍ॅम्पियरच्या आसपास घ्यायला हवेत. हा घेत होता २.६. टीएल०७२ घेतो तेवढेच! म्हणजे बहुधा कुणीतरी साध्या आयसीची पाठ घासून नवं बारसं केलेलं. दुकानदाराशी भांडायला गेलो नाही. त्यालाही कदाचित माहीत नसेल. पण मल्टीमीटर खिशात असावा, एवढं शिकलो.

आणि खरा मिळाला असता तरी? वरची बेरीज परत करा. १८ च्या जागी ८ घातले तर ४४ चे ४१ होतात. वरून बॅटरी तिप्पट वेगाने खाणार. ५०० मिलीअ‍ॅम्पियर-तासाची अल्कलाइन बॅटरी टीएल०७२ वर १७० तासांच्या आसपास, त्याच्यावर साठेक तास. नको.

टीएल०७२ ची एक खोड मात्र सांगून ठेवतो. त्याचं इनपुट निगेटिव्ह सप्लायच्या ३ व्होल्टपेक्षा जवळ गेलेलं त्याला डेटाशीटप्रमाणे चालत नाही. फार जवळ गेलं तर आउटपुट उलटून वर उडी मारतं आणि आवाज विचित्र फाटतो. नऊ व्होल्टचा मध्य साडेचार, म्हणजे खाली जायला दीड व्होल्ट जागा. सिंगल कॉइलला पुरते. बॅटरी साडेसातवर उतरली की उरतो पाऊण, आणि जोरात स्ट्रम करणाऱ्याला तो पुरेल याची खात्री नाही. म्हणून मामाला सांगितलं, बॅटरी ८ च्या खाली गेली की बदलायची. त्याच्यासाठी एक जुना मल्टीमीटरही दिला. आता मामी म्हणते, घरातल्या सगळ्या रिमोटच्या बॅटऱ्या रोज मोजल्या जातात :)

सर्किट शेवटी बसलं ॲल्युमिनियमच्या जुन्या डबीत. इनपुटला स्टीरिओ जॅक, म्हणजे केबल काढली की बॅटरी आपोआप बंद. स्विच नाही, दिवा नाही. मामा म्हणाला, "यावर काहीतरी लिही की." मी मार्करने 'गेन = १' लिहिलं. त्याला कळलं नाही, पण आवडलं.

कोजागिरीला मी मागच्या रांगेत होतो. दुसऱ्या गाण्यात ड्रमर चुकला, चौथ्यात मामा एका ठिकाणी अडखळला, मसाला दूध कमी पडलं. पण गिटारची एकेक तार शेवटच्या खुर्चीपर्यंत वेगळी ऐकू येत होती. कार्यक्रम संपल्यावर मी सवयीने गिटारची बॅग उचलायला गेलो, गाडीत ठेवायला म्हणून.

"ठेव ठेव," मामा म्हणाला. "मी घेतो. माझी आहे ती."

बाकी पुढच्या शनिवारी. मामाच्या डिले पेडलमधून हल्ली टिक-टिक येतेय म्हणे. मला तर अजून काही ऐकू आलेलं नाही.